आचार्यांनी भात करपवला: बोलून टाइप करणाऱ्याला यंत्रातलं किती कळावं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो. तुम्ही निवृत्त शिक्षिका, गावाचा इतिहास लिहिताय. फोनपुढे बोलता आणि फोन लिहून देतो. भाचा म्हणतो, आता याउपर काही शिकायची गरज नाही. छापखान्यातला मुलगा म्हणतो, ‘मॅडम, तुमचा मजकूर आमच्याकडे तुटतो.’ आणि प्रुफात, पान साठच्या पुढे, एका लग्नाच्या वर्णनात ‘आचार्यांनी भात करपवला’ असं आलंय. तर सोय वापरावी की यंत्राच्या पोटात शिरावं, आणि शिरायचं तर किती खोल?

मी मराठी मजकूर जुळवायला लागलो त्याला आता तीस वर्षं उलटून गेली. तरी आधीच सांगतो, मी स्वतः निरोप बोलूनच टाइप करतो. स्वयंपाकघरात उभं राहून ‘येताना कोथिंबीर आण’ एवढंच कळवायचं असताना कोणी मला कळफलकाची शिस्त शिकवू लागलं, तर मी त्याला हात जोडीन. सोयीला नाकं मुरडणारे आमच्या धंद्यात पुष्कळ आहेत. त्यांतले निम्मे तरी आपण जे कष्टाने शिकलो ते दुसऱ्याला फुकट मिळतंय म्हणून चिडलेले असतात.

पण निरोप वाचून संपतो. पुस्तक एका यंत्रातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जातं. तिथे एकच गोष्ट कळलेली असावी लागते: पडद्यावर दिसतं ते वेगळं आणि आत साठतं ते वेगळं. बाकी सगळं भाच्यावर सोडलंत तरी चालेल.

आधी एक प्रयोग करा. ‘विद्यार्थ्यांना’ हा शब्द टाइप करा आणि खोडायची कळ एकेकदा दाबत मागे या. काही फोन अख्खं जोडाक्षर एकदम गिळतात, म्हणून शक्यतो संगणकावर करा. आधी शेवटचा काना जाईल, मग न. मग अनुस्वार, मग काना, मग य. आता ‘विद्यार्थ्’ असं पाय मोडलेलं काहीतरी उरेल. पायमोड गेला की ‘विद्यार्थ’. आता थ खोडा. थ च्या डोक्यावर बसलेला रफार खाली उतरून साधा ‘र्’ होऊन उभा राहील. म्हणजे डोळ्याला जो रफार थ च्या वर दिसत होता, तो आत थ च्या आधी होता. अगदी सुरुवातीच्या ‘वि’ मध्येही तेच. वेलांटी डोळ्याला व च्या आधी दिसते, साठते मात्र व च्या नंतर. आपण उच्चारतो तोच हा क्रम. डोळ्यांना हा शब्द चार अक्षरांचा, संगणकाला पंधरा चिन्हांचा. मराठी एसएमएस इतक्या लवकर का संपतो हे कोडं पडलं असेल तर त्यातलं अर्धं उत्तर इथेच आहे.

हा क्रम यंत्रात नेहमीच असा नव्हता. नव्वदच्या दशकात आम्ही जे फॉन्ट वापरायचो, त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. अर्धा स एका खणात, वेलांटी दुसऱ्या खणात, रफार तिसऱ्याच. टंकलेखन यंत्रावर जसं आधी वेलांटी मारून मग अक्षर मारायचं, तसंच साठायचंही. पडद्यावर ‘मराठी’ दिसे, पण संगणकाच्या लेखी तो इंग्रजी अक्षरांचा, पौंडाच्या चिन्हांचा आणि टोप्या घातलेल्या स्वरांचा चिवडा असे. शिवाय प्रत्येक कंपनीची खणांची मांडणी वेगळी. एकाचा मजकूर दुसऱ्याच्या फॉन्टात टाकला की रामाची सीता व्हायची नाही, सरळ पालापाचोळा व्हायचा.

त्या काळात चांगलं काम झालंच नाही असं नाही. पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था सुरू झाली. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक ठरलं, आणि त्यात उच्चाराच्या क्रमानेच साठवायचं असं होतं. जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक चिन्हाला ठरलेला क्रमांक देणारं मानक म्हणजे युनिकोड, त्यानेही देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या आवृत्तीवरून उचलली. पण छापखान्याला घाई असते. आम्हाला कागदावर सुंदर उमटलं की पुरे होतं, आत काय साठतंय याची फिकीर कोणाला?

त्याची किंमत मी एकदा भरली. एका संस्थेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका मी जुळवली होती, एकशे ऐंशी पानं. दहा-बारा वर्षांनी संस्थेला ती वाढवून पुन्हा काढायची होती. फ्लॉपीतल्या फाइल शाबूत निघाल्या, मला केवढा आनंद झाला. पण ते सॉफ्टवेअर चालायला प्रिंटरच्या पोर्टला एक डोंगल, म्हणजे किल्लीसारखा छोटा ठोकळा, लावावा लागे, आणि तो डोंगल कधीच जळून गेला होता. फाइल उघडली, पान भरून चिवडा दिसला. एकशे ऐंशी पानं पुन्हा टाइप केली, पदरच्या पैशाने माणूस लावून. सोय म्हणून जे वापरलं ते वाईट नव्हतं. आपण नेमकं काय साठवतोय हे मी कधी विचारलं नव्हतं, चूक ती होती.

पुढे विंडोज २००० आलं आणि त्यासोबत सुलेखनकार र. कृ. जोशींनी आखलेला ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट. विंडोज एक्सपीमध्ये तर सेटिंगमधल्या एका चौकटीत टिचकी मारून मूळ सीडी घातल्याशिवाय देवनागरीची अक्षरं जुळायचीच नाहीत. ती सीडी कोणाकडेही नसायची. ते असो.

आता तुमच्या आचार्यांकडे येऊ. तुम्ही पाठवलेली मूळ फाइल आणि प्रूफ दोन्ही मी पाहिली. पहिल्या साठ पानांत ‘दुसऱ्या’, ‘गावकऱ्यांनी’, ‘पायऱ्या’ हे सगळं प्रुफातही नीट आहे. पुढे मात्र ‘दुसर्या’, ‘गावकर्यांनी’, ‘पायर्या’. चूक जर फोनची असती तर ती सगळीकडे सारखी पसरली असती. एका रेषेवर सुरू होणारी चूक म्हणजे तिथे मजकुराचा उगम बदललाय. तुम्हाला विचारलं तेव्हा उलगडलं की पुढची प्रकरणं भाच्याने काही वर्षांपूर्वी त्याच्या संगणकावर टाइप केलेली होती.

या आडव्या र ला, ज्याला आपण चंद्रकोरीसारखा लिहितो, युनिकोडमध्ये दोन वाटांनी पोचता येतं. एक वाट म्हणजे खाली टिंब असलेला ‘ऱ’, त्याला पायमोड, मग य. दुसरी म्हणजे साधा र, पायमोड, त्यानंतर एक न दिसणारं जोडणीचं चिन्ह, मग य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. तुमच्या फोनने पहिली वाट धरली, भाच्याच्या जुन्या साधनाने दुसरी. छापखान्यात मजकूर त्यांच्या जुन्या फॉन्टात रूपांतरित करताना ते न दिसणारं चिन्ह गळून पडलं. ते गळलं की उरतं र, पायमोड, य, आणि त्याचा होतो रफार. स्वयंपाक करणारे आचारी गेले आणि गुरुजन आचार्य आले. भात मात्र करपलेलाच राहिला.

तुम्ही वर्गात आचाऱ्यास आणि आचार्यास, दऱ्या आणि दर्या हा फरक पोरांना नक्की शिकवला असणार. तो फरक मराठीचा आहे, फोनचा नाही. यंत्राच्या पोटात शिरायचं म्हणजे काही परकं शिकायचं असं नाही. तुम्हाला जी बाराखडी येते तीच आत कशी बसवली आहे, एवढं पाहायचं.

अशीच डोळ्याला फसवणारी आणखी काही मंडळी आहेत. ‘दुःख’ मधला विसर्ग. अनेकजण तिथे अपूर्णविरामाचे दोन ठिपके मारतात. दिसायला तेच, पण संगणकाच्या मते शब्द तिथे तुटला. शोधताना सापडत नाही, आणि काही सॉफ्टवेअरांत ओळीच्या शेवटी आला तर ‘दु’ एका ओळीत आणि ‘ख’ पुढच्या ओळीत जाऊ शकतो. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये आलंच मुळी २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्याआधीच्या मजकुरात अ वर चंद्र ठेवून काम भागवलेलं असतं. म्हणून जुन्या फाइलमध्ये ‘ॲड.’ शोधला तर वकीलसाहेब हजर असून सापडत नाहीत. आणि ‘ओ’. काही जुन्या रूपांतरांत अ ला वेगळी ओ ची मात्रा लावून तो बनवलेला असतो. सावरकरांनी खिळे कमी व्हावेत म्हणून अि, अी, अु अशी बाराखडी सुचवली होती, ती आठवते ना? आपला ‘ओ’ दिसायला आधीपासूनच त्या पद्धतीचा आहे, म्हणून ही चूक डोळ्याला चूक वाटतच नाही. यंत्र मात्र ‘ओढा’ शोधताना अ वाल्या ओढ्याला ओलांडून पुढे जातं.

उलटा प्रकारही असतो, साठतं एकच आणि दिसतं दोन तऱ्हांनी. मराठीचा ल पाकळीचा आणि श देठाचा असावा असं राज्याच्या २००९ च्या शासन निर्णयाने सांगितलं. पण त्यासाठी युनिकोडमध्ये वेगळं चिन्ह नाही, आणि नसणंच बरोबर आहे. चांगल्या फॉन्टात दोन्ही आकार असतात. मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवलेली असेल तर मराठी आकार येतो, ‘हिंदी’ असेल तर हिंदीचा. तुमच्या मुखपृष्ठावर हिंदी वळणाचा ल आलाय तो यामुळेच. फॉन्ट बदलायला पळू नका, आधी भाषेची नोंद तपासा.

आता बोलून टाइप करण्याविषयी. इथे माझी तक्रार वेगळीच आहे आणि ती तांत्रिक नाही. शुद्धलेखनात फोन बऱ्याचदा माझ्याहून बरा निघतो. शिर आणि शीर, दिन आणि दीन, यांत कधीमधी घसरतो, पण तेवढं तुम्ही पकडाल. धोका तुमच्या पुस्तकाच्या जातीमुळे आहे. तुम्ही म्हाताऱ्या माणसांच्या तोंडचं लिहिताय. ‘आमी पल्याड गेलतो’ असं तुमच्या काकूंनी सांगितलेलं तुम्ही फोनला ऐकवलंत, तर फोन ‘आम्ही पलीकडे गेलो होतो’ अशा सोवळ्यात येऊ पाहतो. त्याने जे लाखो पानांत वाचलं त्याच्याकडे तो तुमच्या काकूंना ओढून नेतो. ही चूक प्रुफात दिसत नाही. वाक्य शुद्ध असतं, अर्थ बरोबर असतो, फक्त काकू गेलेल्या असतात. वाड्यांची, ओढ्यांची, शेतांची नावंही तशीच. ‘खालचा टेक’ हा त्याला माहीत नाही, म्हणून तो त्याचं काहीतरी ओळखीचं करून टाकतो. तेव्हा निवेदन खुशाल बोलून लिहा. पण दुसऱ्याच्या तोंडचे शब्द आणि गावची विशेषनामं हाताने टाइप करा. ही अट मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक लेखकाला घालतो. बहुतेक पाळत नाहीत.

हाताने म्हणजे कशाने? रोमन अक्षरांत मराठी लिहून देवनागरी मिळवायची पद्धत लोकांच्या हाती बसलेली आहे. आठवड्याला एखादं पान लिहिणाऱ्याला तीच पुरे. ण की न, ळ की ल, श की ष हे दरवेळी सुचवलेल्या शब्दांतून निवडावं लागतं, तेवढं लक्ष ठेवायचं. पण अख्खं पुस्तक करणाऱ्याने इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेला कळफलक, शिकावं असं माझं मत आहे. त्याचं कारण वेग नाही. इनस्क्रिप्टमध्ये तुम्ही ज्या क्रमाने कळा दाबता, त्याच क्रमाने मजकूर साठतो. वि साठी आधी व मग वेलांटी. र्थ साठी र, पायमोड, थ. आडव्या र साठी शिफ्ट धरून र ची कळ, मग पायमोड, मग य. न दिसणारं चिन्ह चुकून शिरायला जागाच उरत नाही. मघाचा खोडण्याचा प्रयोग तिथे बोटांनाच रोज होतो. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला, अल्पप्राण साधा आणि महाप्राण शिफ्ट धरून: क ची कळ शिफ्टसह ख, ग ची शिफ्टसह घ. वर्णमाला शिकवलेल्या माणसाला ही मांडणी दोन दिवसांत पटते आणि दोन-तीन आठवड्यांत बसते. हाच क गुजरातीत किंवा कन्नडमध्येही त्याच कळेवर असतो, हा वरचा नफा.

ज्यांची बोटं टंकलेखन यंत्रावर घडली, मराठी तीसची परीक्षा दिलेली जुनी मंडळी, त्यांना मी इनस्क्रिप्टचा आग्रह करत नाही. त्यांच्यासाठी रेमिंग्टन, म्हणजे टंकलेखन यंत्राच्याच मांडणीचा, युनिकोड कळफलक मिळतो. ते आधी वेलांटी मारतात, सॉफ्टवेअर गुपचूप ती मागे नेऊन ठेवतं. आत चाललेलं न कळताही काम अचूक होतं. सोयीवर माझा राग नाही, हे यावरून लक्षात यावं. जी सोय साठवण बिघडवत नाही ती हवी तितकी घ्या.

छापखान्यातल्या मुलालाही मी दोष देणार नाही. पुष्कळ छापखाने पानं लावायला अजून पेजमेकर हे जुनं सॉफ्टवेअर वापरतात. त्याची शेवटची आवृत्ती २००१ ची, तिला युनिकोड मराठी झेपत नाही, म्हणून मजकूर जुन्या फॉन्टात उलटा ओतावा लागतो. पानं लावायच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये, इनडिझाइनमध्ये, २०१२ च्या सीएस-६ या आवृत्तीपासून भारतीय लिप्यांची सोय आहे, पण परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ हा पर्याय सेटिंगमधून लावावा लागतो. तो न लावता मजकूर ओतला की वेलांट्या भलतीकडे जातात आणि जोडाक्षरं सुटी होतात. तुमच्या मुलाच्या ‘तुटतो’ मध्ये यातलं कुठलं आहे ते त्याला सरळ विचारा: पान कशात लावतोस आणि मजकूर रूपांतरित करतोस का? या प्रश्नाने तो चपापेल. मजकूर देणारे सहसा असलं काही विचारत नाहीत.

माझ्याकडे एक चाचणीचं पान आहे, तुम्हीही करून ठेवा. त्यात फक्त कठीण शब्द: दुसऱ्या, कुऱ्हाड, ऱ्हास, आचार्य, आचाऱ्यांनी, विद्यार्थ्यांना, वाङ्मय, दुःख, उद्ध्वस्त, चिह्न, हृदय, राष्ट्र, ट्रक, ॲड., ऑगस्ट, ओढा, लक्ष्मी, शंकर. नवा छापखाना, नवा फॉन्ट, नवा फोन, काहीही आलं की आधी हे पान त्यातून काढायचं. पुस्तकाच्या आधी ते एक पान तुटू द्यावं, स्वस्तात पडतं. आणि मजकूर देताना फाइलसोबत त्याची पीडीएफ द्या, म्हणजे ‘मूळ असं दिसत होतं’ हे सांगायला पुरावा राहतो. पीडीएफमधून परत मजकूर मात्र काढायला जाऊ नका. तिथे पानावर कसं दिसावं हे आधी जपलेलं असतं आणि अक्षरांचा क्रम परत मिळेलच याची खात्री नसते.

आता दुरुस्ती. ती प्रुफावर करू नका, मूळ फाइलवर करा. मूळ फाइलमध्ये भाच्याच्या प्रकरणांत ते न दिसणारं चिन्ह अजून जागेवर आहे. म्हणजे आचारी कुठे आणि आचार्य कुठे हे संगणकाला तिथे अजून माहीत आहे. त्या चिन्हाचा युनिकोड क्रमांक २००डी. भाच्याला सांगा, ‘र, पायमोड, २००डी’ जिथे जिथे असेल तिथे ‘ऱ, पायमोड’ घाल. सगळं एकदम बदललं तरी चालेल. मग चाचणीच्या पानासकट फाइल पुन्हा छापखान्यात पाठवा.

छापखान्यातला मुलगा म्हणेल, ‘कशाला मॅडम, मीच इथे सगळे र्य बदलून ऱ्य करतो, एका मिनिटात.’ त्याला तेवढं करू देऊ नका. त्याच्या फाइलमधून फरक पुसला गेलाय, तिथे दोन्ही एकच झालेत. ‘गावकर्यांनी’ नीट होईल, पण सूर्य, कार्य, आश्चर्य, मर्यादा सगळ्यांचे र आडवे होतील. आणि पान ब्याण्णववर विनोबांच्या पदयात्रेचं तुम्ही जे लिहिलंय, ‘आचार्यांनी चावडीत मुक्काम केला’, तिथे गावाने भूदानासाठी स्वयंपाकी बोलावले होते असं छापून येईल.